दादा घरी येतो तो ग्राफ

मागच्या रविवारी बिबवेवाडीला वहिनीकडे जेवायला गेले होते. सोमवारी ऑफिसमध्ये डेमो होता, म्हणून लॅपटॉपही सोबत नेला... नसता नेला तर बरं झालं असतं का, ते अजून ठरत नाहीये.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मांजरीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीने त्याच्या बाइकला धडक दिली होती. मांडीचं हाड मोडलं, बरगड्या मोडल्या, पण डोक्याला मार नव्हता आणि तो पूर्ण शुद्धीत होता.

जवळच्याच एका छोट्या हॉस्पिटलात नेलं. मोठ्या हॉस्पिटलात लगेच हलवायचं की सकाळी, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं. दादाच म्हणाला, "सकाळी बघू. आत्ता ट्रॅफिकमधून माझी हाडं खुळखुळवत नेऊ नका." सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं... आणि ती 'बरं' म्हणाली.

सकाळी हलवलं, ऑपरेशनही छान झालं. दुसऱ्या दिवशी दादाने चहा मागितला आणि एक घोट घेऊन नर्सबाईंना म्हणाला, "अहो, भांडं विसळलेलं पाणी चुकून मला आणलंत का?" आम्ही पोट धरून हसलो. म्हटलं, टोमणे मारायला लागला, म्हणजे आता हा बरा झाला.

मग त्याला धाप लागायला लागली. पाठोपाठ किडन्यांनी दगा दिला आणि तो गेलाच... मोडलेल्या पायाने धडधाकट माणूस जातो कसा, हे आमच्यापैकी कोणालाच कळलं नाही.

ते मला कळलं हडपसरच्या आमच्या आयटी कंपनीत. मोठ्या अपघातानंतर शरीरात जी सूज उसळते, तिचं गणिती मॉडेल करायचं एक परदेशी प्रोजेक्ट आलं. टीममधल्या सगळ्यांना बँकेचं प्रोजेक्ट हवं होतं, कारण त्यात ऑनसाइट, म्हणजे परदेशी जायची संधी होती. मी हे मागून घेतलं. माझी मॅथ्सची एमएस्सी एकदाची सार्थकी लागली, असं मॅनेजर म्हणाला. खरं कारण मी त्याला सांगितलं नाही.

आतला मामला तसा सोपा आहे. जखम झाली की शरीर पेशींची कुमक पाठवतं. ती जखम आवरते, पण आवरताना आजूबाजूला थोडी मोडतोडही करते. त्या मोडतोडीमुळे आणखी कुमक येते. सोसायटीत भांडण सोडवायला गेलेले लोकच हाणामारी करायला लागतात ना, तसं. वेळेत ब्रेक लागला तर माणूस वाचतो, नाही लागला तर सूज फुप्फुसांपर्यंत, किडन्यांपर्यंत जाते. हे सगळं आम्ही समीकरणांत मांडतो आणि कॉम्प्युटरवर काल्पनिक पेशंट चालवून बघतो.

तर रविवारी जेवणं झाली, मी लॅपटॉप उघडून बसले. वहिनी बडीशेप घेऊन आली आणि स्क्रीनवरची लाल रेघ बघून म्हणाली, "हे काय गं, शेअर बाजार?" इतकी वर्षं मी तिला कामाचं काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी का कोण जाणे, सगळं सांगून टाकलं.

मग तिने तेच विचारलं, ज्याची मला भीती होती. "ह्यांना त्याच दिवशी हलवलं असतं तर... हे सांगेल तुझं गणित?"

'काही फरक पडला नसता, वहिनी' एवढंच म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं. पण वहिनीला खोटं लगेच कळतं... आणि हा प्रश्न मी स्वतःच मॉडेलला कितीतरी वेळा विचारून बसले होते.

म्हटलं, "वहिनी, दादाच्या रक्तातले जे आकडे लागतात, ते तेव्हा कोणी मोजलेच नव्हते. ते मला अंदाजाने घालावे लागतात. एक आकडा जरा इकडे सरकवला की माणूस वाचतो, तिकडे सरकवला की जातो. लवकर हलवूनही जातो, उशिरा हलवूनही वाचतो."

मला वाटलं, ती रडेल. इतकी वर्षं त्या एका 'बरं'चं ओझं घेऊन जगलेल्या बाईला मी काय दिलं, तर 'सांगता येत नाही'. स्वतःच्या शिक्षणाचा इतका राग मला कधी आला नव्हता.

वहिनी म्हणाली, "म्हणजे ह्याच्यात वाचतातही?"

"हो... कधी कधी."

"मग तो दाखव."

मी आकडे भरले आणि रन केलं. सुजेची लाल रेघ चढायला लागली. चढतच गेली... मग वाकली आणि हळूहळू खाली आली. वहिनीने स्क्रीनवर बोट ठेवलं. "इथे काय होतं?"

"इथे धाप कमी होते."

"आणि इथे?"

"इथे आयसीयूतून बाहेर काढतात."

बोट रेघेच्या टोकाशी आलं. "आणि पुढे?"

पुढे मॉडेल संपतं. पण मी म्हटलं, "पुढे घरी, वहिनी."

तिने बोट उचललं. मग उठताना म्हणाली, "चहा तरी नीट करून दिला असता मी." आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने खरंच आधण ठेवलं... आम्ही दोघी तो चहा प्यायलो.

सोमवारचा डेमो चांगला झाला. तोच ग्राफ दाखवला. क्लायंटने विचारलं, हा पेशंट खरा आहे का?

नाही, म्हटलं... काल्पनिक आहे.