दिवसा चावणारा डास

२०२४ साल. माझं वय चौऱ्याहत्तर. अमेरिकेत अल्फारेटाला मुलाकडे येऊन आठवडाही झाला नव्हता, आणि हॉस्पिटलच्या खाटेवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, डेंग्यू आहे. येताना गावाहूनच घेऊन आलात."

बाई नागपूरच्या, म्हणून मला कळलं तरी. बाकीचे माझ्या अंगावरून इंग्रजी बोलत होते, आणि मी आपला याच्या त्याच्या तोंडाकडे बघत पडलेलो.

मी चौथी शिकलेला माणूस. उभ्या आयुष्यात सलाईन घेतलं नव्हतं. सूनबाई केतकी फोनवर सांगायची, "बाबा, निघेपर्यंत दिवसासुद्धा पूर्ण बाह्या घाला, डासांचं क्रीम लावा." मी म्हणायचो, "इथले डास मला ओळखतात गं." रात्री मच्छरदाणीत झोपायचो, तेवढं पुष्कळ वाटायचं. परदेशी निघालो म्हणून नुसत्या बिनबाह्यांच्या बंडीवर गावभर निरोप घेत फिरलो. सकाळी एकाच्या ओट्यावर चहा, दिवस कलताना दुसऱ्याच्या अंगणात पोहे. डेंग्यूचा डास चावतो दिवसा, आणि जास्त करून त्याच दोन वेळांना.

ताप आला तेव्हा मुलगा म्हणाला, जेट लॅग असेल. म्हणजे विमानाचा शीण. मग डोळ्यांच्या मागे ठणका लागला, हाडं कुणी कुटतंय असं झालं. मी पिशवीतली अंगदुखीची गोळी काढली, ती केतकीनं हातातून काढून घेतली. डेंग्यूत तापाला पॅरासिटामॉलच घ्यायची. दुसऱ्या गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो. हे तुम्हीही ध्यानात ठेवा.

हॉस्पिटलात रोज रक्त काढायचे. प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणारे कण, घसरतच होते. ताप उतरला तसा मी घरी जायला उठलो. बाई म्हणाल्या, "झोपा काका. खरा धोका ताप उतरल्यावरच असतो." लघवीला जायचं तरी नर्सचा हात धरायचा. मान खाली घालून जायचो.

प्लेटलेट चढल्या, घरी सोडलं. निघताना बाईंनी विचारलं, "तापात असताना इथे डास चावले का?" तापाचे पहिले दोन दिवस मी घरामागच्या डेकवर, म्हणजे लाकडी ओट्यावर, उघडा पडून होतो. चावले होते. मला चावलेला डास पुढे आठवड्या-दीड आठवड्यानं दुसऱ्याला डेंग्यू देऊ शकतो, असं त्या म्हणाल्या. मुलाचा चेहरा उतरला. केतकीला सातवा महिना होता.

पुढे नुसती वाट बघायची. मी दारं लावत हिंडायचो. केतकी शिंकली तरी मी मुलाला हाक मारायचो. आणि एके दिवशी तिचं अंग तापलं. मुलगा तिला हॉस्पिटलात घेऊन गेला. मला ना गाडी चालवता येते, ना तिथं काही विचारता येतं. खिडकीशी बसून राहिलो.

संध्याकाळी दोघं परत आली. "डेंग्यू नाही बाबा, साधं व्हायरल आहे," केतकी म्हणाली. मी अजून खिडकीपाशीच होतो. ती म्हणाली, "आता तरी चहा घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या मी गावाकडच्या माझ्या मित्राला, नामदेवला, व्हिडिओ फोन लावला. तोही लेकीकडे अमेरिकेतच, मॉरिसव्हिलला यायला निघाला होता, आणि माझ्यासारखाच घरोघर निरोप घेत होता. त्याला सगळं सांगितलं. तो हसला. "अमेरिकेत जाऊन डासाला भ्यायला लागलास होय रे?"

"हो," म्हटलं, "भ्यालो. तू आधी बाह्या खाली घे."