टीव्हीवर रडलेले भाऊजी

माझ्या भाऊजींना कुणी कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्यांची एकुलती एक लेक शिकायला परदेशी निघाली, त्या दिवशी आम्ही सगळे डोळे पुसत होतो आणि हे तिच्या बॅगेचं वजन पुन्हा एकदा करून बघत होते. असा माणूस एका रविवारी दुपारी टीव्हीवर, सगळ्या देशासमोर, घळाघळा रडला. आमच्या इमारतीत काय गहजब झाला असेल, तुम्हीच विचार करा.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाजारात त्यांचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान आहे. एक लांबट खोली, भिंतीला टांगलेले स्प्रिंगचे काटे, टेबलावर पोट उघडून ठेवलेला एखादा इलेक्ट्रॉनिक काटा आणि लाकडी पेटीत पितळेची वजनं. ही वजनं ते चिमट्याने उचलतात. हाताचा घाम लागून वजन वाढतं म्हणे. बाजारात त्यांना काटेसाहेब म्हणतात. घरात कुणी म्हणत नाही, पण मनातल्या मनात सगळे तेच म्हणतात.

त्यांच्यापुढे ‘खूप’, ‘फार’, ‘जगात भारी’ असले शब्द चालत नाहीत. ताई एकदा म्हणाली, बाईंसारखं गाणारं जगात दुसरं कुणी नाही. भाऊजींनी शांतपणे विचारलं, कुणी तपासलं? ताई दोन दिवस फुगून बसली होती. ‘बाई’ म्हणजे त्या नामवंत गायिका. ताईच्या तोंडी त्या नुसत्या ‘बाई’, जशा काही वरच्याच मजल्यावर राहतात. त्यांचं गाणं लागलं की हिचा हातातला कप हातातच राहतो. भाऊजींची गाण्याबद्दल तक्रार एकच. तीच ओळ परत परत का म्हणतात? पहिल्यांदा म्हटली तेव्हा ऐकू आली होती.

तर त्या रविवारी बाईंचा मोठा कार्यक्रम टीव्हीवर थेट दाखवणार होते. ताईचा टीव्ही सगळ्यांत मोठा, त्यामुळे समोरच्या वहिनी आणि खालचे निवृत्त संगीतमास्तर जेवणं आटोपून येऊन बसले. मी तर खालच्याच मजल्यावर राहते, मला बोलावणं लागत नाही. भाऊजी सकाळीच हत्यारांची पिशवी घेऊन बाहेर पडले होते. कुठल्याशा गोदामातला मोठा काटा बिघडलाय म्हणाले. ताईला उलट बरं वाटलं. निदान आज कुणी मध्ये बोलणार नाही.

पण मध्ये बोलायला वहिनी होत्या ना. बाईंनी तोंड उघडलं आणि वहिनींनीही. ओठ आणि आवाज जुळत नाहीत, मागे टेप लावली असणार. कानातलं त्यांच्या वयाला शोभत नाही. मास्तर डोळे मिटून बसले होते. मधूनच मान हलवून सांगायचे की सूर केसभर उतरलाय. तुम्हाला कसं कळलं म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, कळतं. केसभर म्हणजे किती, हे विचारायला नेमके आज भाऊजी नव्हते. ताईने दोघांना एकदाच असं पाहिलं की दोघंही गप्प झाले. मग जाहिराती लागल्या, आम्ही चहा घेतला.

जाहिराती संपल्या आणि पडद्यावर बाई नव्हत्या, भाऊजी होते.

तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. मांडीवर ती पिशवी. डोळ्यांतून धारा लागलेल्या आणि पुसायचंही भान नाही. मी आधी म्हटलं, यांच्यासारखा दिसणारा दुसरा कुणी असेल. पण शर्टाच्या खिशाला तो चिमटा लावलेला होता. दुनियेत असा माणूस दुसरा नाही, हे मी न तपासता सांगते.

कॅमेरावाल्याला तर घबाडच मिळालं. बाईंनी जरा हळवी ओळ घेतली की हा भाऊजींकडे वळायचा. बाईंपेक्षा भाऊजीच जास्त दिसले. झालं, गाणं राहिलं बाजूला. मास्तर म्हणाले, दगडाला पाझर फुटला, म्हणजे सूर लागलाच असला पाहिजे. केसभर उतरलेला सूर एका मिनिटात वर चढला. वहिनींनी टेपचा मुद्दा सोडून दिला आणि तिरक्या नजरेने ताईकडे बघत म्हणाल्या, पुरुष माणूस असा रडतो, ते कुणाची तरी आठवण आल्याशिवाय नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.  ताई उठली आणि मघाशी धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली.

तिला कशाचं लागलं होतं ते मला माहीत होतं. भाऊजी रडले याचं नाही. बाईंना एकदा समोर बसून ऐकायचं, एवढं एकच तिने आयुष्यात मागितलं होतं. आणि तिथे गेलं कोण, तर हे. तेही खोटं सांगून. मी तिला म्हटलं, आल्यावर चांगली झाडाझडती घे. ती म्हणाली, माझं मी बघते.

उजेड होता तोवरच भाऊजी परत आले. जिन्यात अर्धी इमारत गोळा झालेली. मास्तरांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात. भाऊजींना वाटलं, मास्तरांची तब्येत बरी नाही. आत येऊन पिशवी ठेवली आणि म्हणाले, झाला एकदाचा काटा दुरुस्त.

 ताईने विचारलं, काय झालं होतं काट्याला? गंज, भाऊजी म्हणाले. कुठे? खालच्या तरफेला. मग? मग काय, घासला, तेल घातलं, वजन ठेवून पाहिलं. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस एकदा बोलायला लागला की किती बारकाईने बोलतो! अख्खं गोदाम आमच्यापुढे उभं केलं त्यांनी. शेवटी वहिनींनाच राहवलं नाही. त्यांनी टीव्हीवरून टिपलेला व्हिडिओ लावून फोन पुढे केला. फोनवर भाऊजी रडत होते.

भाऊजींचा चेहरा पडला. मग एकदम म्हणाले, डोकं दुखत होतं, बाम लावला, तोच हात डोळ्याला लागला.

मास्तरांचं तोंड बघवत नव्हतं. एवढा रसिक सापडला आणि निघाला बामवाला. ते खाली गेले, बाकीचेही पांगले. मी कशाला जाते? माझी सख्खी बहीण आहे.

ताई स्वयंपाकघरात गेली, मागोमाग भाऊजी. उंबऱ्यात उभे राहून त्यांनी सगळं ओकून टाकलं. एका किराणावाल्याचा जावई त्या सभागृहात नोकरीला. त्याने पास दिला, एकच, आणि वर यांचं नाव घातलेलं. माझ्या नावाच्या पासवर तुला कसं पाठवणार, म्हणाले, ते नियमात बसत नाही. आणि आलेला पास फुकट घालवणं यांच्या स्वभावात बसत नाही. तुला सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं, म्हणून गोदाम. मला वाटलं, आता ताई फुटणार.

पण ती भलतंच विचारायला लागली. “जाहिराती लागल्या तेव्हा तिथे काय चाललं होतं?”

भाऊजींना हा प्रश्न सोपा गेला. जे दिसलं ते सांगायचं होतं. ते म्हणाले, दिवे अर्धे मालवले. कुणीतरी स्टूल आणून ठेवलं. बाई त्यावर बसल्या, चपला काढल्या, थर्मासमधून काहीतरी प्यायल्या. तबलजीशी काहीतरी बोलून हसल्या. ताई हातातला टॉवेल विसरून ऐकत होती. टीव्हीवर आम्हाला साबण दाखवत होते आणि यांनी बाईंना चपला काढताना पाहिलं होतं.

“आणि मग?”

“मग उठायची वेळ झाली. त्यांना एकदम उठता येईना. गुडघ्यावर तळहात दाबला, डोळे मिटले, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या आणि उठल्या. तू ओट्यापाशी करतेस, अगदी तस्सं.” भाऊजी थांबले. “बाम लावला नव्हता.”

खरं सांगते, मला भरून आलं. मी मनात भाऊजींना सगळं माफ करून टाकलं. ताईने नाही केलं.

“अहो, माझा गुडघा लेक गेली तेव्हापासून दुखतोय,” ती म्हणाली. “मी रोज अशीच उठते. बाई एकदा उठल्या तर तुम्ही देशासमोर रडलात. माझ्यासाठी कधी पाणी नाही आलं ते डोळ्यांत?”

आता यावर दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, तसं नाही गं, तुझ्याच आठवणीने रडलो. भाऊजींना असं गोड बोलता येत नाही. त्यांनी विचार केला, चांगला वेळ घेऊन केला.

“तिथे समोर बघण्याशिवाय दुसरं काही करता येत नव्हतं,” ते म्हणाले. “घरी मी बघतच नाही.”

 ताईचे डोळे भरले होते आणि तिला त्याचा रागही आला होता. मग तिने कोपऱ्यातली खुर्ची पायाने पुढे ढकलली.

“बसा मग इथे. मी स्वयंपाक करते. बघा.”

भाऊजी बसले. तेवढ्यात बेल वाजली. मास्तर होते. बामचं त्यांना काही पटेना, शेवटच्या गाण्याबद्दल काटेसाहेबांचं प्रामाणिक मत काय, तेवढं विचारायचं होतं. मी म्हटलं, ते कामात आहेत. कसल्या कामात, म्हणाले. ताईकडे बघतायत, म्हटलं. मास्तर गोंधळून माझ्याकडे बघत राहिले, तोच आतून ताईचा आवाज आला.

“फोडणीकडे नाही. माझ्याकडे.”