जगातला नंबर एक आणि आमची वडवणी

वाद संपला की मागे किस्सा उरतो म्हणतात. आमचा वाद तर कधीच संपला नाही, तरी किस्से उरतच राहतात. हे कसं होतं, मला अजून कळलेलं नाही.

माझं वडवणीत मेडिकल आहे. दुकान उघडायच्या आधी आम्ही चौघं कॉलेजच्या मागच्या कोर्टवर बास्केटबॉल खेळतो. खेळ थोडा, त्यानंतर चहाच्या हॉटेलात चर्चा फार! विषय कायम एकच: आजवरचा सगळ्यात ग्रेट खेळाडू कोण? जगातला, भारतातला आणि आमच्या तालुक्यातला. पहिल्या दोन प्रकारांवरून फारसं भांडण होत नाही. तिसऱ्यात आम्ही स्वतः असतो ना!

ढाकणे सर आमच्यात वडीलधारे, रिटायर्ड पीटी शिक्षक. सुदामच्या घरी मेंढ्या, त्याचं स्वतःचं वेल्डिंगचं दुकान. अमेरिकेतल्या मॅचेस मोबाईलवर बघून बघून आमचा जाणकार झालेला. आणि दत्ताभाऊ मोठे बागायतदार. आमच्यात सगळ्यात उंच. बास्केटबॉलला नुसत्या उंचीचा काही उपयोग नसतो, याचा चालता-बोलता पुरावा.

*

एकदा सुदामनं अमेरिकेची पद्धत समजावली. तिथं मोठी स्पर्धा जिंकली की टीममधल्या प्रत्येकाला अंगठी मिळते.

"ज्याच्या अंगठ्या जास्त, तो मोठा. सरळ हाय!"

दत्ताभाऊंनी कप खाली ठेवला आणि दोन्ही पंजे टेबलावर पसरले. पुष्कराज, पोवळं, नीलम, मोती, शिवाय साखरपुड्याची.

"मोजा मंग!"

"भाऊ, ह्या तर शनी शांत करायला घातल्यात तुमी."

"मंग? शनीला हरवणं सोपं हाय का बे?"

*

सरांचं म्हणणं, वेगवेगळ्या काळातल्या खेळाडूंची तुलनाच चूक. त्यांच्या काळी मैदान मुरमाचं, पडलं की गुडघा सोललाच. रिंगला जाळी नव्हती. बॉल रिंगमधून गेला की बाजूनं गेला, यावरून दर वेळी भांडण.

सुदाम म्हणाला, "म्हंजी सर, तुमच्या निम्म्या बास्केट भांडूनच झाल्या की!"

"म्हणून तर आमी मोठे," सर शांतपणे म्हणाले. "तुमी नुसती बास्केट करता. आमाला ती सिद्धबी करावी लागायची."

*

नांदूरघाटला स्पर्धेला गेलतो. कॉमेंट्रीला बसवलेला माणूस कबड्डीचा. सुदाम बॉल घेऊन पळाला की हा ओरडायचा, "चढाई! चढाई!" माझा पाय रेषेवर पडला तर "गडी बाद!" आणि मी खरंच बाहेर जाऊन उभा राहिलो. सरांनी शिव्या घालून आत घेतलं.

दत्ताभाऊंचा पाय सुरुवातीलाच मुरगळला. लंगडत बाहेर आले तर संयोजकांनी त्यांना ओळखलं आणि थेट स्टेजवर सोफ्यावर बसवलं. आमच्यापैकी कॉमेंट्रीवाल्याला नाव माहीत झालं ते तेवढंच. मग कुणीही बास्केट टाकली की, "आणि स्टेजवर उपस्थित आहेत दत्ताभाऊ!"

आम्ही सपाटून हरलो. शेवटी बक्षीस जाहीर झालं: सर्वोत्कृष्ट खेळाडू, दत्ताभाऊ! शाल, श्रीफळ, ट्रॉफी. त्यांनी तिन्ही घेतली.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात आम्ही काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "तुमच्या त्या अमेरिकेत बसल्या जागी ट्रॉफी घेतलेला एकतरी हाय का? न्हाई ना? मंग!"

*

नंतर वडवणीतच स्पर्धा ठेवली. बॅनर करायचं ठरलं आणि रँकिंगचा खरा पेच तिथं पडला. बॅनरवाल्यानं विचारलं, "मोठा फोटो कोणाचा?"

आम्ही चौघंही एकदम बोलायला लागलो. शेवटी कंटाळून त्यानं एका पुढाऱ्याचा फोटो मोठा टाकला आणि आम्हाला खाली ओळीनं तिकिटाएवढे लावले. एवढंच नाही, हाताच्या सवयीनं सगळ्यांच्या नावाखाली छापलं, 'भावी नगरसेवक'!

सुदामची बायको बॅनर वाचून घरी आली आणि म्हणाली, "उभे राहणार हाव, तर मला कावून सांगितलं न्हाई?"

संध्याकाळी गल्लीतल्या बायका तुंबलेल्या नालीची तक्रार घेऊन त्याच्या दुकानात हजर. त्यानं परोपरीनं सांगितलं, पण ऐकतंय कोण! शेवटी बिचारा त्यांना घेऊन नगरपंचायतीत गेला. तिथल्या साहेबांनीही बॅनर वाचलेला. नाली आठवड्यात साफ!

तेव्हापासून ग्रेट कोण म्हटलं की सुदाम विचारतो, "खेळात का कामात?"

*

आणि एक चकलांब्याचं.

सरांचा एक हट्ट होता. त्यांच्या मते आजवरची सगळ्यात भारी खेळाडू म्हणजे मंदा, चकलांब्याची. ते तिथल्या शाळेवर होते तेव्हाची. सरांची मुलींची टीम होती, आणि सरावाला गडी कमी पडला की सर स्वतः तिच्या बाजूनं खेळायचे. दहावीनंतर लग्न झालं, खेळ सुटला. आम्ही तिला पाहिलेलंच नव्हतं. सुदाम तोंडावर म्हणायचा, "सर, पुरावा न्हाई म्हणूनच तुमी तिचं नाव घेता." सर चिडायचे. एकदा तर चार दिवस खेळायलाच आले नाहीत.

पुढे चकलांब्यात आम्हा चौघांना एका लग्नाचं आमंत्रण आलं. मांडव शाळेच्याच मैदानात. एका कडेला गंजलेली रिंग अजून उभी. जेवून हात धुवत होतो तर मागून आवाज आला, "सर! वळखलं का?"

पन्नाशीच्या बाई. अंगावर ठेवणीतलं लुगडं, कडेवर नातू.

"मंदा!" म्हणत सर ओल्या हातानंच पुढं झाले. दत्ताभाऊंनी आमची ओळख करून दिली आणि विचारलं, "ताई, सर म्हणतात, तुमच्याइतकं भारी कुणीच न्हाई. खरंय का?"

त्या मनापासून हसल्या. "सर कायबी सांगतात!"

सुदाम गाडीकडे पळाला. डिकीत बॉल असतोच. त्यानं तो त्यांच्या पुढं धरला. त्यांनी नातू माझ्याकडे दिला, पदर खोचला, बॉल मातीवर दोनदा आपटला. रिंगकडे बघितलंसुद्धा नाही.

आणि सर पळत सुटले! सत्तरीचे सर, धोतराचा सोगा सांभाळत, मागं न बघता, सरळ रिंगच्या डाव्या बाजूला. बॉल हवेतून गेला आणि सर जिथं पोचायचे होते, नेमका तिथं त्यांच्या हातात उतरला. आमच्यातला एकही जण हलला नव्हता.

सरांनी उडी मारली, बॉल टाकला. रिंगच्या कडेला लागून बाहेर!

मांडवातली सगळी माणसं बघत होती. मंदाताईंनी कपाळावर हात मारला.

"सर, तुमी तवाबी हेच करायचे!"