बनियनवर आलेले मामा

लासूर स्टेशनच्या कारभारीमामांचा आचाऱ्यावर भरवसा नव्हता. भाचीचं लग्न म्हटलं की बुंदी स्वतः पाडणार. माझ्याही लग्नात नवा सफारी खुंटीला टांगून ते बनियन-पंचावर कढईपुढं बसले होते.

वऱ्हाडाचा नाश्ता उशिरा गेला, म्हणून माझा दीर सत्यम भटारखान्यात घुसला. त्यानं मामांच्या कानफटात दिली, खाली पाडून लाथा घातल्या, तापलेला झारा पाठीत हाणला. त्या मवाल्याला मी आजही भावजी म्हणत नाही.

तेवढ्यात गुरुजींनी पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

मामांनी सफारीला हात लावला नाही. फुटलेल्या ओठानं, रक्ताळलेल्या बनियनवर मला मांडवात घेऊन आले. रिवाजाप्रमाणं मामांना फेटा बांधायला समोर सत्यमच उभा! पांढराफटक पडला.

"चुकलं मामा. मला वाटलं, आचारी हाये."

"म्हंजी आचाऱ्याला मारलं तर चालतं व्हय?"

मामांनी त्याची गचांडी धरली, फरफटत भटारखान्यात नेलं. मीही मुंडावळ्यांसकट मागं धावले.

मामांनी आचाऱ्याकडं बोट दाखवलं, "आधी ह्याला बांध."

सत्यमनं फेटा घेऊन हात वर केले. आचाऱ्यानं झटकन दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.