गाडी आली होती

गेलं वर्षभर थोरल्या भावाचं कौतुक ऐकून माझे कान किटलेत. "थोरल्यानं बापाला वाचवला हो! अ‍ॅम्ब्युलन्सची वाट बघत बसला नाय, ती काय येते?" जो येतो तो हेच म्हणतो. आबा कॉटवर पडलेले, उजवं अंग लुळं, तोंडातून शब्द फुटत नाही. आणि त्यांच्या उशाशी बसून हे लोक फुर्र फुर्र चहा पितात. माझं डोकं फिरतं.

मी रोह्याजवळ वरसेत राहते, नवरा धाटावला कंपनीत. त्या दिवशी पेणकडे, जिते गावाजवळ माहेरी आले होते. सकाळचे नऊ वाजले असतील. आबा ओट्यावर भाकरी खात होते. हातातला तुकडा पडला, उचलायला गेले तर हात उठेना. तोंड एका बाजूला ओघळलं, बोलणं कळेना. आमच्या वरसेतल्या आशाताईनं बैठकीत हेच बजावलं होतं. तोंड वाकडं, हात पडला, जीभ अडखळली, की लकवा समजायचं आणि लगेच एकशे आठ लावायचा. भावाचा फोन तिथेच पडला होता, त्याच्यावरून मी लावला.

पलीकडची बाई शांतपणे विचारत होती. गाव कुठलं, खूण काय, कधीपासून होतंय, शुद्धीवर आहेत का. मी सांगत होते, तेवढ्यात भावानं फोन हिसकावला.

"अहो बाई, मानूस हितं आडवा हाय आनि चौकशी कसली करताय? आधी गाडी पाठवा!" म्हणाला आणि फोन कट!

आमच्याकडे सगळ्यांची समजूत हीच. आधी चौकशी होणार, मग फोन ठेवणार, मग कुठे ड्रायव्हर चप्पल शोधणार. अरे, बोलणं चालू असतानाच गाडीला निरोप गेलेला असतो! बाकीचे प्रश्न विचारतात ते घर सापडावं आणि गाडी येईपर्यंत माणसाला कसं सांभाळायचं ते सांगता यावं म्हणून. पण ऐकतो कोण?

शेजाऱ्यांची इको व्हॅन आली. चौघांनी आबांना उचलून मागच्या सीटवर कोंबलं. "पेणला आपल्या ओळखीचा डॉक्टर हाय," भाऊ म्हणाला. ओळख! आमच्या लोकांना मरायलासुद्धा ओळख लागते. इकोत जागा उरली नाही, मी अंगणातच राहिले.

आणि गाडी आली. इको जाऊन पाच मिनिटंही झाली नसतील. डॉक्टर, ऑक्सिजन, स्ट्रेचर, सगळं घेऊन आली. "पेशंट कुठाय?" मी शरमेनं मेले. त्यांनी वाटेत भावाला चारदा फोन केला होता. अनोळखी नंबर, लोनवाले असतील, म्हणून त्यानं उचलला नाही. मी लावला तर सारखा बिझी. सगळ्या नातेवाइकांना कळवत होता शहाणा!

गाडीतल्या डॉक्टरनं सांगितलं, मेंदूचा फोटो निघतो तिथे आम्ही सरळ नेलं असतं, आधी कळवून ठेवलं असतं. आणि ओळखीचा डॉक्टर? तो दवाखान्यात अजून यायचाच होता. साडेबारापर्यंत आबा बाकावर. आल्यावर त्यानं बघून हात वर केले, "इथे मशीन नाही, पनवेलला न्या." पनवेलला म्हणाले, रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांत द्यावं लागतं, ती वेळ टळली.

परवा मामा आले आणि पुन्हा तेच कौतुक सुरू. मी कपबशी आपटली.

"गाडी आली होती! रिकामी परत गेली ती! तुझ्या घाईनं आबांची वाचा गेली, दादा!"

आई रडायला लागली. भाऊ म्हणाला, "मला नाय कळलं गो. तुला कळत होतं ना? मग इकोच्या आडवी का नाय झालीस?"

फोन हिसकावायच्या आधीच ती बाई म्हणाली होती, गाडी निघालीय, त्यांना हलवू नका. ते भावानं ऐकलं नव्हतं. मी ऐकलं होतं. आणि सगळी आळी जमलेली, थोरल्या भावाला कसं अडवायचं, म्हणून गप्प उभी राहिले होते.