दुसऱ्या खिशातला फोन

कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळात एक गोष्ट सांगितली जाते. माझी मुलगी नवऱ्याला सोडून लपून राहत होती, तिचा पत्ता तिच्या बंगाली मैत्रिणीनं त्याला कळवला, अशी ती गोष्ट. गणपतीत प्रसाद घेताना कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवतं, "शेवटी परकी ती परकीच हो," म्हणतं आणि मी मान हलवतो. गोष्ट खोटी आहे. पत्ता माझ्यामुळे कळला. ज्यांच्यासमोर मी मान हलवली, त्यांनीच हे वाचावं म्हणून लिहितो आहे.

मी बँकेत अधिकारी होतो. बदलीवर इथे आलो, मुलगी इथल्याच शाळेत शिकली आणि निवृत्तीनंतर परत जायचं राहून गेलं. नोकरीत एक दृश्य मी फार वेळा पाहिलं. नवरा गेलेली बाई काउंटरसमोर उभी असते, पैसे नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असतात आणि आम्ही तिला आणखी एक कागद आणायला सांगत असतो. त्यामुळे माझ्या घरात काहीच एकट्याच्या नावावर ठेवायचं नाही, हा माझा हट्ट. खातं, लॉकर, सगळं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'. कुणीही चालवावं, एक गेला तर दुसऱ्याचं अडू नये.

घरात स्मार्टफोन आले तेव्हाही मी तोच नियम लावला. जावई आमच्या मंडळातल्याच ओळखीतून आलेला, न्यू टाउनमध्ये कॉम्प्युटर कंपनीत. सगळ्यांचे फोन त्यानंच सुरू करून दिले.

"बाबा, प्रत्येकाचं वेगळं खातं कशाला? तुमच्या नावानं एकच काढू. फोटो आपोआप वर जातील, सगळ्यांना दिसतील."

"हेच तर मी म्हणतो," मी म्हणालो आणि जेवता जेवता पासवर्ड मोठ्यानं सांगितला. पिन कुणालाही सांगू नका, असं आयुष्यभर ग्राहकांना बजावणारा मी. ज्या परदेशी कंपनीकडे आमचे फोटो, आमचे निरोप, आमचं येणंजाणं जमा होऊ लागलं, ती हे सगळं फुकट का सांभाळते, हा प्रश्नही मला पडला नाही. बँकेतला माणूस असून पडला नाही.

मुलगी कोणत्या घटकेला कुठे आहे, हे जावयाला फोनवर दिसायचं. "आत्ता पार्क सर्कसला पोचली," तो आमच्या सोफ्यावर बसून सांगायचा. मला त्याचं कौतुक वाटायचं. मंडळात मी ते चारचौघांना सांगितलंही. मुलगी एकदा मला म्हणाली, "बाबा, तो माझ्यावर पाळत ठेवतो."

"काळजी करतो म्हण," मी म्हणालो. "तुझी आई बाहेर गेली की मी नाही खिडकीत उभा राहत?"

तिनं पुन्हा तो विषय माझ्याकडे काढला नाही.

पुढे माझी पत्नी वारली. त्यानंतर काही महिन्यांनी मुलगी एक बॅग घेऊन नवऱ्याच्या घरातून निघाली. फोन मुद्दाम त्याच्याच कपाटात ठेवून आली. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मावशीचं शहराबाहेर बजबजला घर होतं. ज्यूट मिलच्या पलीकडे, नदीच्या बाजूला. तिथली वरची खोली तिनं घेतली. न्यू टाउनमधल्या कुणाला बजबजला जायचं काही कारण नव्हतं, म्हणून तर ती तिथे गेली. मावशीला काही सांगितलेलं नव्हतं. ती खोली कुठे आहे हे बाहेरच्या दोघांनाच ठाऊक होतं, मैत्रिणीला आणि मला.

मग ती माझ्या फोनच्या मागे लागली. एक वेगळा फोन घेऊन आली. त्यात त्या मोठ्या कंपन्यांचं काहीच नव्हतं. नकाशा निराळा, मेल निराळी, निरोप पाठवायची सोय निराळी. मी कुरकुर केली. हा नकाशा आमची गल्लीसुद्धा ओळखत नव्हता.

"नाही ओळखत तेच बरं आहे, बाबा. आणि जुनं खातं कायमचं बंद कर. नुसता फोन नाही, खातं. ते तो अजून बघू शकतो."

"हो."

"हो म्हणजे?"

"हो म्हणजे हो. मला खातं बंद करायला शिकवतेस? जन्मभर तेच केलं."

ती हसली. तिला माझं पटलं.

मी खातं बंद केलं नाही. त्यात पत्नीचे सगळे फोटो होते. एक छोटा व्हिडिओ होता. मी स्वयंपाकघरात तिचं चित्रण करतोय आणि मागे दूध उतू चाललंय. "अहो, दूध बघा आधी, माझं तोंड काय बघताय!" तिचा आवाज तेवढाच उरला होता. तो बाहेर कसा काढायचा ते मला येत नव्हतं. विचारावं तर, बंद केलं म्हणून आधीच सांगून बसलेला. त्यामुळे नवा फोन पँटच्या खिशात आणि जुना सदऱ्याच्या आतल्या खिशात, असा मी हिंडू लागलो.

सियालदहहून लोकल धरून मी तिच्याकडे गेलो. तिनं थालीपीठ केलं होतं, कडेनं जरा करपलेलं. संध्याकाळी आम्ही गच्चीवर गेलो. समोर तेलाच्या टाक्या, त्यांच्या मागे नदीवर सूर्य उतरत होता. ती कठड्याला टेकून काहीतरी गुणगुणत होती. लग्नानंतर तिला असं मी पाहिलंच नव्हतं. मी फोन काढला. हाताला लागला तो काढला, असं मी पुढे स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे तो फोटो तिच्या आईच्या फोटोंशेजारी असावा असं मला वाटलं.

थोड्याच दिवसांत जावई तिच्या दारासमोर उभा राहिला. त्यानं तिला हातसुद्धा लावला नाही. चहाच्या टपरीवर बसून जाणाऱ्यायेणाऱ्याला सांगत राहिला की माझ्या बायकोच्या डोक्यावर परिणाम झालाय, मी तिला न्यायला आलोय. मावशी घाबरली. खोली सोड म्हणाली.

मुलगी माझ्याकडे आली.

"बाबा, कुणाला बोललास?"

"कुणालाही नाही."

"जुनं खातं?"

"ते तेव्हाच बंद केलं."

ती म्हणाली, "म्हणजे तिनंच." मी काही बोललो नाही.

मैत्रीण माझ्याकडे येऊन रडली. बंगालीत काकाला काकू म्हणतात, त्यावरून ती आमच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा माझी पत्नी हसून बेजार झाली होती. तीच मुलगी आता दारात उभी राहून म्हणत होती, "काकू, तुम्ही तरी सांगा तिला. मी का सांगेन त्याला?" मी तिला पाणी दिलं. तोवर मला पुरतं कळलं नव्हतं, हे तेवढं खरं. शंका मात्र आली होती, आणि ती मी आत दाबून ठेवली.

मग एक दिवस जावई संदेश मिठाईचा डबा घेऊन माझ्याकडे आला. पाया पडला.

"बाबा, फोटो झकास काढता हो तुम्ही. त्या टाक्यांमागचा सूर्यास्त तर फारच सुरेख."

मी नुसता बघत राहिलो.

"असे काय बघताय? सगळ्यांना दिसावेत असं तुम्हालाच हवं होतं ना? आणि कुठे काढला तेही खाली लिहून येतं. सोय आहे सगळी."

संदेश मी कचऱ्यात टाकले. मुलीला काही सांगितलं नाही. तिनं शहरात दुसरीकडे घर घेतलं होतं आणि दर रविवारी ती माझ्याकडे जेवायला यायची. सांगितलं असतं तर माझा रविवार गेला असता. हिशेब इतका हलका होता. मैत्रीण बदली मागून बंगळूरला गेली. मंडळातल्या लोकांनी आपसांत गोष्ट जुळवून टाकली, आणि मला ती सोयीची पडली.

यंदा एका रविवारी जेवण झाल्यावर मुलगी भांडी विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, "बाबा, मी आता कुणावरही विश्वास ठेवत नाही. तू सोडून." मी आत गेलो, जुना फोन आणला आणि ओट्यावर ठेवला.

तिनं हात पुसले. "चालू आहे?"

"हो."

"त्या दिवशी गच्चीवर?"

"हो."

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "आईचे फोटो यात आहेत, म्हणून?"

"हो."

"मला सांगितलं असतंस तर काढून दिले असते. एका दुपारचं काम होतं, बाबा."

ते काम तिनं त्याच दुपारी केलं. लॅपटॉप उघडून सगळे फोटो एका लहानशा डिस्कवर उतरवत बसली. मध्येच तो व्हिडिओ सुरू झाला आणि तिच्या आईचा आवाज खोलीभर झाला. तिनं तो थांबवला नाही, तिकडे बघितलंही नाही. सगळं उतरल्यावर फोन माझ्यापुढे धरला. "आता तू दाब." खातं कायमचं बंद करायचं का, असं फोननं पुन्हा पुन्हा विचारलं. मी दाबत गेलो.

मैत्रिणीला तिनं लिहिलं. मीही लिहिलं. दोघांनाही उत्तर आलं नाही, आणि ते यावं असं म्हणायचा मला अधिकार नाही.

ज्या घरातून ती माझ्याकडे रविवारी यायची, ते तिनं सोडलं. आता कुठे राहते ते तिनं मला सांगितलेलं नाही, आणि रविवारही बंद झाला. लोकांना मी सांगतो की तिला ऑफिसचं काम फार असतं. आजपासून तेही सांगणार नाही. ती नव्या फोनवर बोलते. तिचे निरोप वाचल्यावर काही दिवसांनी आपोआप पुसले जातात, तशी व्यवस्था तिनंच करून ठेवली आहे. पूर्वी मला याचा राग आला असता.

परवा ती बोलत असताना तिच्या मागे भोंगा झाला. नदीवरच्या बोटीचा असावा, किंवा एखाद्या कारखान्याचा. कान आपोआप तिकडे गेले. भोंगा पुन्हा वाजायच्या आत मी मोठ्या आवाजात आमच्या दूधवाल्याच्या तक्रारी सांगायला सुरुवात केली.

"बाबा, ओरडतोस कशाला? ऐकू येतंय मला."

"मला कमी येतं हल्ली," मी म्हणालो आणि बोलत राहिलो.