उलटे घड

सिनेमा कोणीही काढू शकतो हे मी सिद्ध केलं आहे, आणि कोणीही काढू नये हेही. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती, तेव्हा मीही स्वतंत्र दिग्दर्शक झालो. स्वतंत्र म्हणजे ज्याला कोणी कामावर ठेवत नाही असा. गोष्ट माझी, संवाद माझे, आणि बाग वडिलांची. सावद्याजवळ आमची केळी होती.

वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. त्यांनी एकच अट घातली. "सिनेमा गावात दाखव. आपल्या मानसाईच्या डोयाले पाणी आलं तं कर तुह्ये धंदे. नही तं मुकाट्यानं बागीत ये."

मला हसू आलं. रडवणं तर माझ्या डाव्या हातचा मळ! शेवटच्या प्रसंगात नायिका केळीच्या घडाखाली प्राण सोडणार होती. तिचं डोकं टेकेपर्यंतचं चित्रण झालं आणि भाड्याचा कॅमेरा अडला. मुंबईचा कॅमेरामन तो दुरुस्त करायला घेऊन गेला. परत आला तेव्हा बागेत एकही घड नव्हता.

"आबा, माझा शेवट राहिला होता!"

"टेसनावर केयीची वॅगन लागली व्हती. तिले काय तुह्या नाटकवालीचं मरन माहीत व्हतं?"

शेजारच्या बागेतून कापलेले घड आणून आम्ही झाडांना बांधू लागलो. कॅमेरामन गळ्यात रुमाल बांधून लांब उभा होता. तो म्हणाला, "केळी वर तोंड करून काय बसलीत? खाली लोंबू द्या. दुकानात कशी दिसतात!"

झाडावर केळ वरच तोंड करून असतं, हे मला चालायला यायच्या आधीपासून माहीत होतं. पण मुंबईच्या माणसापुढे गावंढळ दिसायचं? छे! मी विद्वानासारखी मान हलवली. "बरोबर. कॅमेऱ्याची नजर वेगळी." घड उलटे बांधले. आमचे सालदार गडी एकमेकांकडे पाहून गप्प राहिले, आणि मी ती कलेपुढची नम्रता समजलो.

सावद्याच्या बाजारात टूरिंग टॉकीजचा तंबू लागला. गाव लोटलं. आबा पुढेच बसले होते. नायिका खोकत बागेत आली तेव्हा बाया मुसमुसू लागल्या, आणि मी मनातल्या मनात मुंबईला पोचलो. तिने डोकं टेकलं. पुढच्या क्षणी तिचा श्वास थांबला आणि डोक्यावरचा घड उलटा झाला.

मग मागून एक आवाज: "अरे, बाई मेली अन् केयीनं कोलांटी मारली!"

तंबू हसून हसून फाटायचा बाकी राहिला. नायिकेच्या चितेलाही हसले. एका म्हाताऱ्याने तर पडद्यापाशी जाऊन मान वाकडी करून पाहिलं. आबा हसले नाहीत. घरी येऊन त्यांनी कोपऱ्यातला कोयता फक्त माझ्या बाजूला सरकवला.

मी बागेत गेलो. रोज कोणीतरी बांधावरून विचारी, "भाऊ, आज कोनत्या बाजूनं लटकाडता?"

तंबूवाल्याला मात्र खेळ हवे होते. तो सिनेमा घेऊन धुळ्याकडे गेला. परतला तो हात जोडत. "भाऊ, शिंदखेड्याले बठ्ठा गाव ढसाढसा रडना! सोनगीरले त एक बाई उठेच ना!"

तिकडे कापूस आणि बाजरी. केळ त्यांनी पाहिलं ते बाजारात, खाली लोंबणारं; घड मध्येच उलटला हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. म्हणजे ज्यांना काही कळत होतं ते हसले आणि ज्यांना कळत नव्हतं ते रडले. माझ्या कलेचं याहून नेमकं परीक्षण पुढे कुठल्याही विद्वानाने केलं नाही.

आबांनी ते ऐकलं आणि कोयता माझ्या हातातून काढून घेतला. "मंग जाय. पन जिथली गोष्ट असीन तिथी दाखवू नको."

बापाचं मी तेवढं एक ऐकलं. पुढचा सिनेमा कोळ्यांवर काढला. समुद्र मी तोवर पाहिला नव्हता, तापीवर भागवलं. सावद्यात बायांनी पदर डोळ्यांना लावले. नावाडी बुडाला तेव्हा आबाही रडले.